पिशवीतली झोप

"अभिनंदन म्हणू की नको, मला कळत नाहीये," डॉ. ओक म्हणाल्या. "तू गरोदर आहेस."

समृद्धी हाक्के हसली. खरंच हसली. तिला वाटलं, बाई चेष्टा करतायत. निवड चाचणी परवावर आली होती. आशियाई स्पर्धेत घाटाच्या शर्यतीला देशातून एकच मुलगी जाणार होती आणि त्या एका जागेवर समृद्धीचं नाव जवळजवळ लिहिलेलंच होतं. डॉ. ओक राष्ट्रीय संघटनेकडून आल्या होत्या. दंडोबाच्या डोंगराच्या पायथ्याला झेप अकादमीत सगळ्या मुलींच्या तपासण्या त्याच करत होत्या.

"मॅडम, कुणाचा तरी रिपोर्ट बदललाय."

"दोनदा केली तपासणी. नाव तुझं, रक्त तुझं."

"पण मॅडम, मला वेळ कुठाय? मी सायकलवर असते नाहीतर गादीवर. आणि गादीवर एकटी असते."

रणधीर सर दारात उभे होते. अकादमीचे मुख्य प्रशिक्षक. त्यांनी खोलीत कोण कोण आहे ते बघितलं नाही, आवाज कमी केला नाही.

"कोण आहे तो?"

"सर, कुणी नाही."

"कुणी नाही? मग आभाळातून पडलं का? दोन दिवसांवर चाचणी आणि तुला हे धंदे सुचतात? नाव सांग."

आता इथे पुरुष असता तर काय झालं असतं ते सांगायला नको. पुरुषाच्या रक्तात काही सापडलं तर पहिला संशय प्रयोगशाळेवर जातो. मुलीच्या रक्तात सापडलं की पहिला प्रश्न, कोण आहे तो.

मिरजेला नेऊन सोनोग्राफी केली. डॉ. ओक बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. यंत्र सरकवलं, परत बघितलं.

"रिकामं आहे," त्या म्हणाल्या. "इथे बाळ नाही, बाळ होतं अशी खूणही नाही. गाठबीठ काही नाही. मुलगी खरं बोलतेय, सर."

डॉ. ओकांनी रक्ताचा रिपोर्ट परत उघडला.

"पण रक्तात गरोदरपणाचं संप्रेरक ठासून भरलंय. समृद्धी, बाहेरून काही घेतेस का? इंजेक्शन? सलाइन?"

"उभारी घेते की. सगळ्याच घेतात."

आणि तेव्हा समृद्धीने सरांचा चेहरा बघितला. मघापर्यंत तो रागाने लाल होता. आता त्याच्यावर रंगच नव्हता.

*

सायकलपटूला काय मारतं ते आधी समजून घ्या. चढ मारत नाही. चढावर मांडीतले स्नायू फाटतात, बारीक बारीक, हजार ठिकाणी. फाटायलाच पाहिजेत. रात्री गाढ झोप लागली की शरीर ते शिवायला घेतं आणि शिवताना आधीपेक्षा जाड शिवतं. ताकद रस्त्यावर वाढत नाही, गादीवर वाढते. शिवून होण्याआधी परत फाडलं तर माणूस खचतो. मग कितीही मेहनत करा, वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातो. जगातले सगळे प्रशिक्षक याच एका भिंतीवर डोकं आपटत आले.

समृद्धीच्या वडिलांना, आबांना, हे बैलांवरून माहीत होतं. त्यांच्याकडे शर्यतीची खिलार जोडी होती आणि त्यांच्या जतकडच्या गावात सोमवारी बैलाला जुंपत नाहीत. देवाचा वार. प्रगती आणि समृद्धी, दोन पोरी, नावं सरकारी योजनेसारखी, आणि बापाने दोघींना खोंडासारखंच वाढवलं. सहा दिवस पळवायचा, सोमवारी सायकल खुंटीला. पोरी रडल्या तरी द्यायचा नाही. थोरली प्रगती जास्त वेगाची होती. तिचं लग्न झालं. धाकटी अकादमीत गेली.

अकादमीने सगळ्यात आधी सोमवार काढून टाकला.

कारण त्यांच्याकडे उभारी होती. गाढ झोपेत शरीरातल्या पेशी रक्तात अगदी सूक्ष्म कुप्या सोडतात. कुपीत निरोप असतो: अमुक ठिकाणी फाटलंय, शिवा. हे निरोप गोळा करता येतात, हा शोध. झोपलेल्या शरीरातून रक्त काढायचं, त्यातलं पिवळं पाणी वेगळं करायचं, तांबड्या पेशी परत आत सोडायच्या. त्या पिवळ्या पाण्याची पिशवी दमलेल्या शरीराला लावली की रात्रभराचं शिवणकाम दुपारच्या जेवणाआधी उरकतं. सकाळी घाट, दुपारी पिशवी, संध्याकाळी परत घाट. भिंत पडली.

झोप कुणाची? मुलींना सांगितलं होतं, कुणाचीच नाही. तुमच्याच पेशी काढून टाकीत वाढवल्यात, त्या टाकीला झोपेसारखं वागायला शिकवलंय. मुलींनी ऐकलं. वीस वर्षांच्या पोरीला दर आठवड्याला वेळ कमी होताना दिसत असेल तर ती टाकी बघायला मागत नाही.

"हे नियमात बसतं," सर सोनोग्राफीच्या खोलीत म्हणत होते. "तिच्याच पेशी आहेत, मॅडम."

"टाकीतल्या पेशी गरोदर राहत नाहीत, सर," डॉ. ओक म्हणाल्या. "हे संप्रेरक गर्भाच्या वारेतून सुटतं. म्हणजे ही पिशवी कुठल्यातरी बाईच्या अंगातून आलीय. आणि ती बाई पोटुशी आहे."

समृद्धीला एकदम गार वाटलं. मागे एकदा अकादमीतल्या तेजलची पिशवी चुकून दुसऱ्या मुलीला, आर्याला, लागली होती. आर्याच्या अंगभर गांधी उठल्या, श्वास लागेना. तेव्हा अकादमीचे डॉक्टर शिरोळे नर्सवर ओरडले होते, "अगं, जवळच्या रक्ताचं असेल तरच चालतं हे!" जवळच्या रक्ताचं. स्वतःच्या पेशींना कुणी असं म्हणत नाही.

आई आता पन्नाशीच्या पुढे. बहीण एकच.

प्रगतीला मिरजेत एका मंगल कार्यालयात नोकरी लागली होती. "बसून काम हाय," ती सांगायची. दुपारी फोन केला की बंद. संध्याकाळी लागला की जांभया. समृद्धी चिडवायची, "आक्का, एसीत बसून दमतीस व्हय गं?"

सर फोन लावायला बाहेर गेले. समृद्धी मागच्या दाराने निघाली. पायातल्या बुटांनिशी, तशीच.

*

ते एक जुनं मंगल कार्यालय होतं. कमानीवरचे प्लास्टरचे हत्ती तसेच होते, खाली नवी पाटी: झेप आरोग्य केंद्र. दार ढकललं तशी थंडी अंगावर आली. भर दुपारी आत अंधार केलेला, काळे पडदे, कसलीतरी मंद घरघर.

आणि खाटा. जिथे पंगती बसायच्या तिथे ओळीने खाटा. खाटांवर बाया. म्हाताऱ्या, तरण्या, कपाळावर झोपेच्या पट्ट्या, हातात नळ्या. सगळ्या झोपलेल्या. प्रत्येकीच्या उशाला एक यंत्र आणि यंत्राखाली पिशवी, हळूहळू पिवळी होत चाललेली. ज्या स्टेजवर नवरानवरी बसायचे तिथेसुद्धा चार खाटा लावल्या होत्या.

"शू! आवाज करू नका," एक सेविका धावत आली. "पिशव्यांची भरती चाललीय."

समृद्धीला भरती दिसत नव्हती. तिला गोठा दिसत होता. धारेला लावलेली जनावरं असतात तशी.

स्टेजवरच्या तिसऱ्या खाटेवर प्रगती होती. गाल बसलेले, ओठ कोरडे. समृद्धीने तिच्या कपाळावरची पट्टी ओढून काढली. प्रगतीने डोळे उघडले आणि पहिल्यांदा केलं काय तर पोटावर हात नेला.

"समे? तू कशी काय? तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या रक्तानं सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, 'तू गरोदर आहेस.' म्हटलं, मी न्हाई, माझी बहीण असंल."

प्रगती उठून बसली. "हळू बोल. तिसरा महिना सरल्याशिवाय बोलायचं नसतं."

"आक्का!"

"आदीची दोन गेली माझी. माहीत हाय ना तुला? गावभर सांगितलं आनि गेली. ह्या खेपेला तुझं दाजी सोडून कुनालाबी सांगितलं न्हाई. हितंबी न्हाई. त्यांनी इचारलंच न्हाई."

बघा. हजारो तपासण्या करणारी अकादमी. मुलींच्या रक्तातलं लोह मोजते, झोपेतल्या लाटा मोजते, पायाची ताकद मोजते. पण पिशवी भरणाऱ्या बाईला, बाई गं, दिवस गेलेत का, एवढं कुणी विचारलं नाही. आणि बाईने सांगितलं नाही, कारण तीन महिने झाकून ठेवायचं असतं. रिवाजाला आणि विज्ञानाला एकमेकांचा पत्ताच नाही. दोघांच्या मधल्या फटीत एक मूल वाढत होतं.

"आणि मला का नाही सांगितलंस? सहा महिने मी तुझी झोप पितीय!"

"खेळाडूच्या मनावर परिणाम होतो म्हनाले. आनि हितं काय वाईट हाय? जेवन चांगलं देत्यात. निजायचं तर काम. म्हटलं, पोटातल्यालाबी इसावा."

"इसावा मिळतोय का तुला?"

प्रगतीने पाठ चोळली. मग म्हणाली, "उठलं की अंग ठेचून काढल्यागत व्हतं. मला वाटलं दिवस गेल्यामुळं."

अहो, झोप तिची, पण निरोप कुठे पोचत होते? तिच्या अंगात जे शिवायचं होतं, नवीन जे विणायचं होतं, त्याचे निरोप निम्म्या वाटेत काढून घेतले जात होते. घाटात दुसरीच्या मांड्या शिवल्या जात होत्या.

बाहेर गाडी थांबली. रणधीर सर आणि डॉक्टर शिरोळे आत आले. समृद्धीला वाटलं, आता हे हात जोडतील. चूक झाली म्हणतील. निदान घाबरतील तरी.

सरांच्या हातात टॅब होता आणि त्यांचे डोळे चमकत होते.

"समृद्धी, हे बघ आधी. गेले दोन महिने. ही तुझी रेषा. मी रोज विचार करत होतो, ही पोरगी अचानक उडायला का लागली? आहार तोच, सराव तोच. बघ, कधीपासून वर गेलीय."

"मूल राहिल्यापासून," शिरोळे म्हणाले. आवाज देवळात असल्यासारखा. "गरोदर शरीर नवीन माणूस बांधत असतं. कुप्यांची संख्या कितीतरी पटीने वाढते. आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. अपघाताने सापडलंय हे."

"काढा ती नळी," समृद्धी म्हणाली.

"ऐकून घे. ओक मॅडमना मी सांभाळतो. तू सही करायची की दिवस गेले होते, राहिले नाहीत. लोक चार दिवस बोलतील. परवा तू पहिली आलीस की विसरतील."

प्रगतीने मध्येच विचारलं, "डाक्टर, बाळाला काही व्हतंय का ह्यानं?"

शिरोळ्यांनी चष्मा काढला, पुसला. "तसा अभ्यास झालेला नाही अजून."

म्हणजे मला माहीत नाही. म्हणजे कदाचित होतंय. डॉक्टर लोकांना साधं 'माहीत नाही' म्हणायला जिभेला काय होतं कुणास ठाऊक.

"फक्त परवापर्यंत," सर म्हणाले. "मग स्पर्धेपर्यंत बघू." आणि शिरोळ्यांच्या कानाशी वाकले. त्यांना वाटलं हळू बोलतायत, पण त्या हॉलमध्ये सगळ्या झोपलेल्या, टाचणी पडली तरी ऐकू येईल. "बाकीच्या पोरींच्या घरात लग्न झालेल्या कोण कोण आहेत, बघून ठेव."

समृद्धीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने प्रगतीकडे बघितलं. तिनेही ऐकलं होतं. प्रगतीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि तरी तीच प्रगती, समृद्धीची सख्खी बहीण, म्हणाली, "परवापतूर चालंल मला."

"आक्का, तुला येड लागलंय का?"

"तू गप! लगीन झालं म्हनून खुंटीला टांगली माझी सायकल. तुझ्याहून फुडं व्हते मी, आबांना इचार. आता तू दंडोबा चढतीस तवा निम्मी मी असते तुझ्या पायात. मला कळतंय ते. हितं पडून कळतंय. ते तू तोडायचं न्हाई."

"आणि पोर गेलं म्हणजे?"

"तू सोडलंस तर तुझं त्वांड बघनार न्हाई मी."

"ती रागावलीय," सर प्रगतीला म्हणाले, समृद्धी तिथे नसल्यासारखं. "दोन दिवसांत डोकं थंड होईल. तुम्ही झोपा. पिशव्या गोठवून ठेवता येतात. तिने आज नाही घेतली तरी वाया जात नाही."

समृद्धीने नळीला हात घातला. दोन सेविकांनी तिला धरलं. आणि प्रगतीने, तिच्या आक्काने, स्वतःच्या हाताने कपाळावरची पट्टी परत नीट बसवली आणि कुशीवर वळली.

*

त्या दोन दिवसांत समृद्धीने पिशवी लावून घेतली नाही. दाजींना फोन केला, ते म्हणाले, तुझी बहीण ऐकते का कुणाचं? आईला सांगायचा धीर झाला नाही. चाचणी सोडून घरी जावं असं वाटलं, पण सोडून काय होणार? त्यांना समृद्धी रागावलेली चालणार होती, दमलेली चालणार होती, गावी जाऊन बसलेलीही चालणार होती. पुढच्या वर्षी येईल म्हणतील आणि पिशव्या गोठवत राहतील. जोपर्यंत समृद्धी हाक्के शर्यतीत उतरू शकते, तोपर्यंत प्रगतीचं रक्त कामाचं आहे.

मग उतरू शकायलाच नको.

चाचणीच्या सकाळी दंडोबाच्या पायथ्याला अकादमीच्याच नऊ मुली रेषेवर उभ्या होत्या. पताका, मंडप, कुठल्यातरी आमदाराची खुर्ची. डॉ. ओक खेळाडूंच्या सह्या घेत होत्या. सरांनी लिहून आणलेला कागद समृद्धीच्या पुढे सरकवला. दिवस गेले होते, राहिले नाहीत.

समृद्धीने माईक घेतला. तो आमदारांसाठी लावलेला होता.

"मी समृद्धी हाक्के. मी सहा महिने दुसऱ्या माणसाचं रक्तपाणी चढवून सायकल चालवतीय. टाकीबिकी काही नाही. मिरजेच्या मंगल कार्यालयात माझ्या बहिणीला झोपवून काढतात. ती गरोदर आहे. माझा रिपोर्ट बरोबर आहे, बाळ तिचं आहे. मला बाद करा."

मंडपातले लोक बावचळून एकमेकांकडे बघायला लागले. सर धावत आले. "मूर्ख मुली, जन्माची बंदी येईल तुझ्यावर!"

"तेच पाहिजे, सर. आता तिची पिशवी कुणाला लावता?"

डॉ. ओकांनी पेन खाली ठेवलं. "समृद्धी, कबूल केलंस तर मला तुला काढावंच लागेल."

"काढा, मॅडम. लवकर काढा."

रेषेवरची आर्या पुढे आली. तिने सरांकडे बघितलं. "सर, आमचं पण असंच आहे का?"

सरांनी घड्याळाकडे बघितलं.

नऊच्या आठ पोरी होत्या आता. आठही जणींनी फोन काढले. सायकली मांड्यांना टेकवून, हेल्मेट काढून. "आई, तू दुपारी कुठं जातीस गं?" "काकू, खरं सांग, आत्ता कुठंयस?" तेजल तर ओरडत होती, "मम्मी, हाताला पट्टी कसली आहे ते सांग आधी!" तो सगळा रस्ता एकाच प्रश्नाने भरून गेला. समृद्धीला वाटलं, मोडलं. झालं. आता एकही पोरगी चढणार नाही.

पलीकडून काय उत्तरं येत होती ते चेहऱ्यांवर दिसत होतं. तेजल रडायला लागली. "नको म्हणू असं, मम्मी." मग ऐकत राहिली. मग डोळे पुसले. फोन खिशात ठेवला.

हेल्मेट परत डोक्यावर घातलं.

"तेजल?" समृद्धी म्हणाली.

"मम्मी म्हणते, ती ठीक आहे. तू पळव म्हणते." तेजलने तिच्याकडे बघितलं नाही. "एवढं केलंय तिने. वाया घालवू का?"

एक एक करून पोरी रेषेवर परतल्या. आर्या तेवढी रस्त्याच्या कडेला बसून राहिली, फोन कानाला तसाच, पलीकडे कुणी उचलत नव्हतं. डॉ. ओक संघटनेच्या अध्यक्षांशी भांडत होत्या आणि अध्यक्ष सांगत होते, पुरावा एकीचाच आहे, चौकशी करू, पण आमदार साहेब थांबलेत.

झेंडा पडला. सात सायकली चढाला लागल्या. टाळ्यासुद्धा वाजल्या. समृद्धीच्या कानाला त्या टाळ्या मारल्यासारख्या लागल्या. तिला वाटलं होतं खरं सांगितलं की लोक थांबतात.

*

केंद्राच्या पायरीवर प्रगती कपड्यांची पिशवी घेऊन बसली होती. कोपराच्या खोबणीत कापूस.

"घालवलं मला," ती म्हणाली. "गरज न्हाई म्हनाले. इतक्या लवकर." आणि उठून तिने फाडकन समृद्धीच्या कानाखाली मारली. "मला इचारलंस का?"

"तू मला विचारलं होतंस?"

"आबांचं नाव गेलं. माझं गेलं. तुझं तर सगळंच गेलं."

"व्हय."

"मग काय ऱ्हायलं गं?"

समृद्धीने बहिणीची पिशवी उचलली. दोघी चालत मिरजेच्या एसटी स्टँडवर आल्या, मध्ये हातभर अंतर ठेवून. डॉ. ओकांनी एका ओळखीच्या डॉक्टरबाईंचा पत्ता दिला होता, सांगलीला. बाळ किती वाढलंय ते त्या बघणार होत्या. काय दिसेल ते दोघींनाही माहीत नव्हतं.

बाकड्यावर बसल्यावर प्रगती मान फिरवून बसली. फेरीवाला आला, गेला. एक बाई शेजारी कोंबडी घेऊन बसली. हळूहळू प्रगतीची मान कलायला लागली. तिने दोनदा सावरली. तिसऱ्यांदा ती समृद्धीच्या खांद्यावर आली आणि तिथेच राहिली. तोंड उघडं पडलं. घोरायला लागली, आबांसारखी.

समृद्धी हलली नाही. खांद्याला मुंग्या आल्या तरी नाही.

"ओ ताई," कंडक्टर दारातून ओरडला. "सांगली ना? बसताय का? सुटली गाडी."

"जाऊ द्या," ती हळूच म्हणाली.